वैशाखात हिरवं काय उरतं?

रानाला लागून घर असणारा माणूस वणवा अडवणारी झाडं घ्यायला नर्सरीत जातो तो आषाढात. पाऊस लागलेला असतो, खड्डे खणून तयार असतात आणि नर्सरीतलं प्रत्येक रोप हिरवंगार दिसत असतं. नेचे, सोनटक्का, रानहळद, तेरडा, सगळ्यांचाच मोह पडतो. सावलीत काय येईल असं विचारलं की नर्सरीवाला याच रोपांकडे बोट दाखवतो, आणि त्याचं चूकही नसतं. ती सावलीत येतात, फक्त वैशाखापर्यंत टिकत नाहीत. वणव्याचा मोसम आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत असतो. तोवर यातली निम्मी झाडं वाळून कागद झालेली असतात. म्हणजे आगीला अडवायला जे लावलं तेच सरपण होऊन बसतं.

म्हणून घराभोवती आग रोखणारा पट्टा करायचा असेल तर रोपं लावा पावसाळ्यात, पण निवडा एप्रिल-मेमध्ये. भर उन्हात आसपासच्या चार वाड्यांतून फिरा, लोकांची परसं बघा. पाणी न देता किंवा नुसत्या सांडपाण्यावर जे हिरवं उभं आहे, ते तुमचं झाड. कुठल्याही यादीपेक्षा ही पाहणी जास्त खरी.

आमचं घर दक्षिण रत्नागिरीत, सड्याच्या म्हणजे कातळी पठाराच्या धारेवर. समोर कातळ, मागे व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतार, उतारावर काजू आणि मोकळं रान. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास खालून वणवा चढला. परसाच्या मागचा गडगा, म्हणजे दगडांचा कुंपणाचा बांध, शंभर-सव्वाशे फूट लांब आहे. त्याच्या एका टोकाला आजीच्या वेळची रातांब्यांची (कोकमांची) आणि जांभळांची ओळ. दुसऱ्या टोकाला या वणव्याच्या दोन वर्षं आधी आम्हीच ‘साफसफाई’ केलेली, म्हणजे आगीची भीती नको म्हणून होती नव्हती ती झुडपं आणि मध्यम झाडं काढून मोकळं रान केलं होतं.

जिथे झाडं होती तिथे आग गडग्यापर्यंत आली, कमरेएवढी होती ती गुडघ्यावर आली, मग पोटरीवर, आणि सावलीत शिरल्यावर नुसता धूर राहिला. खाली जळायला काही नव्हतंच. काळा, दमट, दाबून बसलेला पाचोळा, तो कडेकडेने धुमसला आणि विझला. जिथे आम्ही मोकळं केलं होतं तिथे दोन पावसाळ्यांत रानमोडी हे झुडपी तण पुरुषभर माजलं होतं, त्यातून गवत. ती आग गडगा ओलांडून न्हाणीघराच्या भिंतीपाशी आली. आम्ही सहा माणसं ओल्या डहाळ्यांनी झोडत होतो म्हणून तिथे थांबली.

मोकळं केलं की आग वाढते, ती कशी?

गवत आणि रानमोडी या दोघांनाही ऊन लागतं. वरचं छत्र काढलंत की जमिनीवर ऊन पडतं, पहिल्याच पावसात गवत उगवतं, दुसऱ्या वर्षी रानमोडी येते आणि दिवाळीनंतर दोन्ही वाळायला लागतात. पातळ, उभं, हवा खेळती असलेलं असं सुकं जळण पेटायला सगळ्यात सोपं. शिवाय उघड्या जमिनीवर वारा थेट लागतो आणि ओल लवकर उडते.

दाट सदाहरित सावली याच्या बरोबर उलट करते. गवताला उगवूच देत नाही, वारा अडवते, जमीन थंड ठेवते. जळालेल्या डोंगरावर मधोमध एखादी देवराई हिरवीगार उभी दिसते ती याच कारणाने. आग तिच्या कडेला येते, पण आत तिला खायला मिळत नाही. अर्थात देवराईला देवाचं भय असतं आणि तिथे कोणी कोयता चालवत नाही, हेही कारण मोठंच.

पण म्हणून हिरवं रान जळतच नाही असं समजू नका. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी आगी लागल्या, आणि ती काही उघडी माळरानं नव्हेत. पाचोळा पुरेसा वाळला की दाट जंगलाच्या पोटातूनही आग सरपटत जाते. म्हणजे प्रश्न नुसता सावलीचा नाही. सावली आणि ओल अशी जोडी हवी.

ओल नेमकं काय करते

ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओलं लाकूड चुलीत घातलं की ते आधी फुसफुसतं, त्याच्या दुसऱ्या टोकातून फेस येतो, डोळ्यांत धूर जातो, आणि बराच वेळ गेल्यावर ते धरतं. त्या वेळात चुलीची उष्णता लाकूड पेटवण्यावर खर्च होत नसते, आतल्या पाण्याची वाफ करण्यावर होत असते. साध्या खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात-आठ पट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. पाणी संपेपर्यंत पान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि पेटायला त्याला याच्या कितीतरी वर जावं लागतं.

ताज्या रसदार पानात त्याच्या कोरड्या वजनाएवढं किंवा त्याहून जास्त पाणी असतं. मार्चमधल्या दुपारी, खारे वारे उशिरा सुटतात अशा दिवशी, अंगणातल्या वाळक्या पानात ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलेलं असतं. झाड एकच, पण त्याचं डहाळीवरचं पान आगीला अडवतं आणि खाली पडलेलं पान तिला वाट दाखवतं.

यातूनच एक गोष्ट सरळ होते. आगीने जळत नाही असं झाड जगात नाही. नर्सरीत कोणी ‘फायर प्रूफ’ म्हणून काही विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. उशिरा पेटणारी आणि लवकर पेटणारी झाडं असतात एवढंच, आणि उशिरा पेटणारं झाडही पाण्याविना ठेवलं, खालचा पाचोळा काढला नाही, तर दुसऱ्या गटात जातं.

घर पेटतं ते बहुतेकदा ठिणगीने

आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळांची भिंत घरावर चालून येते असं चित्र असतं. तसंही होतं, पण कमी वेळा. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी उत्तर कॅनडातल्या जंगलात मुद्दाम लावलेल्या मोठ्या आगींपासून वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, वीस मीटरवरच्या जेमतेम करपल्या. म्हणजे झाडांच्या शेंड्यापर्यंत गेलेल्या आगीची धगसुद्धा अंतराने झपाट्याने कमी होते. मग दूर जंगलात आग असताना घरं कशी जळतात? वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्यांमुळे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळालं, ८५ माणसं गेली. त्यानंतरच्या फोटोंत घरं राखेचा ढीग झालेली आणि शेजारची झाडं मात्र हिरवी उभी, असं कितीतरी ठिकाणी दिसलं.

आमच्याकडे त्या दुपारी सगळे परसात आग झोडत असताना शेजारच्या काकूंनी ओरडून वर दाखवलं. दोन छपरं जिथे मिळतात तिथल्या पन्हळीत फणसाची पानं साचली होती आणि त्यांतून बारीक धूर निघत होता. ज्योत नव्हती, नुसती एक पांढरी रेघ. कौलाखाली सागाच्या रिपा, त्याखाली वासे. आणखी पंधरा मिनिटं कोणाचं लक्ष गेलं नसतं तर परसातली सगळी लढाई फुकट होती. शिडी लावून दोन बादल्या ओतल्या. फणस मी आजही उत्तम सावलीचं झाड मानतो, पण त्याची फांदी आता छपरावर येऊ देत नाही.

भिंतीलगत काहीच नको

तर पहिला पट्टा भिंतीपासून दीड मीटरचा, आणि तिथे लावायचं काय या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं आहे. कॅलिफोर्नियात वणव्याच्या टापूतल्या घरांभोवती शंभर फुटांपर्यंत जळण आटोक्यात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यातला अगदी भिंतीलगतचा पाच फुटांचा पट्टा जळण्याजोग्या गोष्टींपासून मोकळा ठेवावा असं तिथे २०२० पासून कायद्यात आलं आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना यावरून शेजाऱ्यांची चाललेली कुरकुर ठाऊक असेल. कोणालाच खिडकीखालची फुलझाडं काढायची नसतात.

आपल्याकडे हे कोणी लिहून ठेवलं नाही, पण जुनं कोकणी घर नेमकं असंच असतं. पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, काडी पडली तरी दिसेल इतकं स्वच्छ. भोवती चिऱ्याचा चौथरा. झाडोरा सुरू होतो तो मागे, न्हाणीचं पाणी जातं तिथून. साप-विंचवासाठी केलं असेल, भात झोडायला केलं असेल, आगीला ते अडवतं एवढं खरं. आता आपण खळ्यावर लॉन लावतो, भिंतीला टेकून बांबू लावतो आणि खिडकीवर वेल चढवतो.

या दीड मीटरमध्ये झाडांहून घातक अशा दुसऱ्याच गोष्टी सापडतात. पडवीला टेकवलेली लाकडं. गोठ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी. आणि उन्हाळ्यात सावलीसाठी खळ्यावर घातलेला झावळ्यांचा मांडव, तोही थेट पागोळीला भिडलेला. मांडवाखाली दुपारची झोप काय सुरेख लागते हे मला माहीत आहे, पण सुकलेली झावळ म्हणजे तयार चूड, पेटायला टपलेली मशालच. त्याऐवजी शेडनेट लावली तर ती प्लॅस्टिक, वितळून गळत गळत जळते. पश्चिमेला सात-आठ मीटरवर एक सदाहरित झाड वाढवणं हाच लांबचा पण खरा उपाय, आणि तोवर मांडव छपरापासून सुटा ठेवा, वैशाख संपेपर्यंत हाताशी भरलेलं पिंप असू द्या.

गवती चहाबद्दल लोक रागावतात, तरी सांगतो. प्रत्येक घराच्या मागच्या दारी त्याचं एक बेट असतं. आत तेल, बुंध्याशी वर्षानुवर्षांची वाळकी पाती. दाराजवळ नको. विहिरीकडे न्या, दोन पावलं जास्त चालावी लागतील.

परस, जिथे खरी निवड करायची

दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचा पट्टा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे सावली, पाणी आणि खाणं तिन्ही एकत्र जमतं. जल जीवन मिशनमध्ये गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. चार माणसांचं घर म्हणजे दोनशेवीस लिटर, आणि त्यातलं बहुतेक न्हाणीतून आणि मोरीतून बाहेरच जातं. हे पाणी एका जागी डबकं करून डास पाळण्यापेक्षा छोट्या चरातून परसभर फिरवलं तर भर मेमध्ये तिथे ओला पट्टा राहतो. चर जरा उताराने, पाच-सात आळ्यांना वळणं देत न्यायचा.

त्या पाण्यावर केळी. केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, जणू उभी पाण्याची टाकीच. पण केळीचं वाळकं पान खांबाला लोंबत राहतं, खालून लागलेली आग त्यावरून वर चढते. दर पंधरवड्याला कोयत्याने ती पानं उतरवली नाहीत तर केळीचा उपयोग अर्धा झाला. माकडं केळीवर येतात ही तक्रार खरी आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, मी घड माकडांचा आणि खांब माझा असं समजून घेतलं आहे.

केळीच्या सावलीत अळू. ओल असेल तर तो बारा महिने हिरवा राहतो, जमीन झाकतो आणि त्याचं पान पेटवून दाखवणं अवघड आहे. त्याच्या जोडीला कर्दळ, तिलाही हेच पाणी पुरतं. पाणी थोडं कमी पडतं त्या जागी अडुळसा लावा. तो अर्धवट सावलीत छान येतो, गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, छाटला की दाट होतो, आणि खोकल्याला पान हाताशी राहतं. जास्वंदही चालते, फक्त अगदी काळोख्या सावलीत ती फुलत नाही. जमिनीलगत, ओल्या सावलीत मंडूकपर्णी पसरते. जरा कोरड्या कडेला पानफुटी, तिची मांसल पानं पाणी धरून ठेवतात. शहरातून येणारे मित्र मनी प्लांट जमिनीवर सोडतात, तोही वाईट नाही, पण झाडावर चढू देऊ नका. पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र नर्सरीवाले फुकट दिली तरी घेऊ नये. वरून हिरवी चटई दिसते, उचलून बघितलं की खाली वीतभर वाळलेल्या काड्यांचा थर असतो, आणि ती एकदा शिरली की रानात पळते.

आता हळदीचं. हळद, आलं, सोनटक्का, सुरण, शेवळं ही सावलीतली आपली लाडकी कुटुंबं. सोनटक्का कायम ओलीत असेल तर हिरवा राहतो, पण बाकीची पौषापर्यंत माना टाकतात. हळद लावूच नये असं नाही. लावा, पण वाळलेला पाला काढणीबरोबरच उचला आणि ती जागा उघडी राहील हे गृहीत धरून मध्ये बारमाही काहीतरी पेरा. नेचांचंही तेच. पावसाळ्यात गडग्यावर शोभतात, माघात त्यांचा भुसा होतो.

एवढी दाटी केली तर साप येतील, ही शंका रास्त आहे. येतात. म्हणून तर मधला दीड मीटर उघडा, आणि परसात झाडांचे सलग रान न करता चार-पाचांचे पुंजके, मध्ये माणूस चालेल अशी माती. आगीलाही एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर जाताना ती मोकळी पायवाट आडवी येते.

मागची मोठी झाडं

दहा मीटरच्या पुढे, तीस मीटरपर्यंत, छत्र धरणारी झाडं. माझी पहिली पसंती कोकमाला, म्हणजे आमच्या रातांब्याला. सदाहरित, सावलीत वाढू शकणारा, पानं गर्द आणि जाडसर. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही. ज्यांना आमसुलं हवीत त्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ या जातींची कलमं घ्यावीत. नुसत्या सावलीला नरही चालतो. उलट सरळ शेंड्याने वाढणारं बियांचं झाड या कामाला बरं. कोकमाची एक खोड आहे, फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात. पुरुषभर उंचीपर्यंतच्या काढून टाकायच्या. नाहीतर खालची आग त्या शिडीने शेंड्याला जाते.

जांभूळ आणि बकुळ यांची गंमत त्यांच्या पाचोळ्यात आहे. पाचोळा किती पडतो याबरोबरच तो कसा पडतो हेही बघायचं असतं. लहान, सपाट पान एकावर एक बसतं, मध्ये हवा राहत नाही, खालचा थर दमट राहतो, अशा पाचोळ्यात आग रेंगाळते. मोठं पान वाळताना मुडपतं, त्याचा ढीग फुगीर होतो, मध्ये हवा खेळते, आणि तो कागदाच्या बोळ्यांसारखा भडकतो. साग पाहा. एकेक पान पत्रावळीएवढं, आणि ते गळतं नेमकं वणव्याच्या तोंडावर. साग विकायला ठीक, सावलीच्या पट्ट्यात नको. जे मोठे साग आधीपासून उभे आहेत त्यांच्याखालचा पाला फेब्रुवारीच्या आधी ओढून खड्ड्यात घाला. सगळे तोडायला निघू नका. महाराष्ट्रात अनुसूचित झाडं तोडायला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि तोडल्यावर तिथे काय उगवतं ते वर सांगितलंच.

व्हाळाकडे, जिथे पाणी खोल जात नाही, सीता अशोक लावावा. त्याला सावली आवडते, ओल आवडते, आणि वसंतात फुलतो तेव्हा दुसऱ्या कशाची आठवण राहत नाही. सुरंगीही उत्तम, फक्त धीर हवा. उंबर पाण्याकाठी चांगला, पण विहिरीपासून आणि भिंतीपासून लांब, मुळं कुठे शिरतील सांगता येत नाही. करंज काही दिवस पानं टाकतो, पण ऐन उन्हाळ्यात त्याला नवी पालवी येते, तेव्हा बाहेरच्या कडेला चालतो.

काजूचं काय करायचं? पैसे तोच देतो, त्यामुळे काढा म्हणणं सोपं नाही. पण काजूखाली पानांचा जाड, लवकर न कुजणारा थर साचतो, आणि बोंडाखालच्या बियांच्या टरफलात जळणारं तेल असतं. घरापासून तीस मीटरच्या आत नवा काजू नको. जुन्या बागेत झाडांभोवतीचा पाला ओढून, बागेच्या कडेने दोन-तीन मीटरची जमीन कुदळीने उघडी करा. वनखातं दरवर्षी जाळरेषा काढतं तसंच, फक्त न जाळता.

निलगिरी, सुरू, दालचिनी, घाणेरी, यांना या तीस मीटरमध्ये जागा नाही. पहिल्या तिघांत तेल किंवा सुयांसारखा पाला, आणि घाणेरी ओली असतानाही वासाच्या तेलाने पेट घेते. बांबूचं बेट सुंदर दिसतं, पण त्याच्या पोटात मेलेल्या काठ्या आणि सुटलेले पापुद्रे भरलेले असतात. पेटला की पेरं फटाक्यांसारखी फुटतात आणि ठिणग्या उडतात. ठेवायचा तर दूर, आणि दर हिवाळ्यात आतून साफ करून. नवीन झाड निवडताना पान चुरगळून वास घेण्याची सवय लावा. डोक्यात जाणारा तीव्र वास आला तर ते झाड घराजवळ नको. ही काही पक्की कसोटी नव्हे, पण चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूने होते.

उतार असेल तर सगळी मापं बदलतात

आग चढावर धावते. ज्वाळा वरच्या बाजूच्या गवतावर वाकते, ते आधीच भाजून काढते, आणि दिवसा वाराही बहुधा चढाकडेच वाहतो. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा आगीशी लढणाऱ्यांचा जुना हिशोब आहे. वीस अंशांच्या उतारावर चौपट. म्हणून घराच्या खालच्या बाजूचा पट्टा वरच्यापेक्षा दीड-दोन पट रुंद ठेवावा लागतो, आणि झाडांच्या ओळी उताराला आडव्या. उभ्या ओळी लावल्या तर त्या पन्हळीसारखं काम करतात, आग त्यांतून सरळ वर येते. सलग चर काढून त्याच्या खालच्या भरावावर रोपं लावली तर पावसाचं पाणीही मुरतं.

उतारावर गडग्याचा खरा उपयोग. सुक्या चिऱ्यांचा तीन फुटी गडगा जमिनीवरून सरपटणाऱ्या आगीला चांगला अडवतो, अट एकच, दोन्ही बाजूंना हातभर जागा खरवडलेली हवी. गडग्यावर करवंदाची जाळी असेल तर राहू द्या. ती बारमाही हिरवी असते आणि आतल्या मेलेल्या काट्या तेवढ्या काढाव्या लागतात. शेराचं कुंपणही रसदार आणि आगीला नको वाटणारं, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. मुलं खेळतात त्या बाजूला नको.

पहिली दोन वर्षं

यातलं एकही झाड लावल्या वर्षी कामाला येत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. कोकम तर पहिली दोन-तीन वर्षं जागचं हलत नाही असंच वाटतं. तोवर त्याच्या वरती ऊन आहे, म्हणजे खाली गवत येणार. म्हणून रोपांच्या मध्ये सुरुवातीला केळी भरा. एका वर्षात सावली देतात, त्यांच्या आडोशाला कोकम-जांभूळ वाढतात, आणि पाच-सहा वर्षांनी केळी काढून टाकता येतात. रोपाच्या आळ्यात पाला पसरायचा तो ओला करून, वर मूठभर माती टाकून. बुंध्याला टेकवायचा नाही.

पौष संपायच्या आत एकदा सगळीकडे फिरून यायचं. पन्हळी आणि कौलांच्या फटी झाडणे, छपरावर आलेल्या फांद्या काढणे, केळीची वाळकी पानं, हळदीचा पाला, माडाच्या सुक्या झावळ्या. गोळा झालेलं सगळं खड्ड्यात, वर शेण-माती. अंगणातच काडी लावून पाला जाळायची आपली जुनी खोड आहे. भाजावळीचे (पेरणीआधी शेतात पाला-पाचोळा जाळतात त्याचे) आणि या पाल्याच्या ढिगाचे निखारे दुपारच्या वाऱ्याने रानात जातात, आणि मग संध्याकाळी सगळी वाडी डहाळ्या घेऊन धावते. डोंगराला धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, आग घराकडे वळत असेल तर ११२. पण रेंज आमच्याकडे फक्त पिंपळाच्या पारावर येते, म्हणून पहिला निरोप अजून हाकेनेच जातो.

गडग्याच्या त्या मोकळ्या टोकाला आम्ही गेल्या पावसाळ्यात अकरा कोकमं, चार जांभळं आणि मध्ये वीस केळी लावली. न्हाणीचा चर तिथवर ओढला. या मेमध्ये मोजली तेव्हा कोकमं नऊ उरली होती, दोन रानडुकरांनी उकरली. रानमोडी अजून येते, पण जिथे केळीची सावली पडते तिथे ती गुडघ्याच्या वर गेलेली नाही.